डबा चांगला, डिस्चार्ज कार्ड कोरं: थिकनर पावडरचं परीक्षण

अर्धांगवायूचा पेशंट घरी सोडला की औषधांच्या पिशवीत हल्ली एक डबा दिसतो. पाणी, चहा, ताक दाट करायची थिकनर पावडर. मुंबईत मोठ्या हॉस्पिटलांच्या आसपासच्या केमिस्टकडे ती सापडते, गल्लीतल्या दुकानात बहुधा मागवावी लागते. तिचं काम एवढंच: पातळ पाणी घशात फार वेगाने उतरतं, आणि स्नायू मंदावलेल्या माणसाची श्वासनलिका तेवढ्या वेळात बंद होत नाही. दाट पाणी हळू उतरतं, थोडी सवड मिळते.

बाजारात प्रकार दोन. स्टार्चची पावडर स्वस्त, पण मात्रा कितीतरी पट जास्त लागते. पेला ठेवला तर ती दाट होतच राहते, आणि उलट तोंडातली लाळ तिला पुन्हा पातळ करते. उष्टा चमचा पेल्यात परत बुडवला की काही मिनिटांत पेल्यातलंही पातळ व्हायला लागतं. झँथन गमवाली पावडर महाग, पण लाळेला दाद देत नाही, गरम-गारातही फारशी बदलत नाही आणि पाणी बरंचसं स्वच्छ दिसतं. रोजच्या वापराला झँथनच घ्यावी. अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी मात्र हा डबा घरच्या घरी उघडू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये एका झँथन थिकनरबाबत आतड्याच्या गंभीर आजाराच्या शक्यतेमुळे तसा इशारा दिला होता.

घोळ होतो तो कालवताना. कोरड्या पेल्यात आधी पावडर, मग त्यावर पाणी, आणि लगेच काट्याने जोरात ढवळणं, हा क्रम बहुतेक झँथन डब्यांना चालतो; तरी डब्यावरचं वाचावं. पाणी दोन-तीन मिनिटांत पुरतं दाट होतं. दूध, दुधाचा चहा आणि आंबट रस यांना पाच ते दहा मिनिटं लागतात. इथेच घाई होते: ‘पातळच वाटतंय’ म्हणून आणखी अर्धा चमचा पडतो, त्याच्या गुठळ्या होतात, आणि दहा मिनिटांनी पेल्यात खळ तयार. तो पेला ओतून द्यावा, पाणी घालून दुरुस्त करू नये. चमचा डब्यातलाच वापरावा, कारण प्रत्येक कंपनीचा चमचा वेगळ्या मापाचा.

चवीचं म्हणाल तर गार लिंबू सरबत सर्वांत बरं, साधं पाणी सर्वांत वाईट. चहा चालतो, पण बुळबुळीत लागतो. ताकात गुठळ्या लवकर होतात, आधी गाळून घ्यावं. घरची नाचणीची आंबील किंवा भाताची पेज हा पावडरीला पर्याय नाही. तीही स्टार्चच, गार होता होता घट्ट होते, लाळेत पातळ होते, आणि रोज वेगळी होते.

दाटपणा डोळ्यांनी ठरवू नये. आयडीडीएसआय या आंतरराष्ट्रीय मापपट्टीत पेयं ० ते ४ पातळीत मोजतात, आणि मोजायला लागते फक्त १० मिलीची सिरिंज. तिच्यावरचं ० ते १० मिलीचं अंतर पट्टीने ६१.५ मिमी भरलं पाहिजे. वेगळ्या लांबीची सिरिंज चुकीचं उत्तर देते. दट्ट्या काढा, टोकाखाली बोट धरा, १० मिलीपर्यंत पेय भरा, बोट काढून १० सेकंद मोजा, बोट परत लावा. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, १ ते ४ उरलं तर १, ४ ते ८ उरलं तर २, आठाच्या वर उरलं पण थोडं तरी गळलं तर ३. काहीच गळलं नाही तर पातळी ४. त्याची खात्री मग काट्यातून गळतं का आणि तिरक्या चमच्यातून घसरतं का हे पाहून करायची. चहा प्यायच्या वेळी जितका गरम असेल तितकाच गरम असताना मोजायचा.

पावडरीला पाचपैकी चार गुण. तिच्याबरोबर जी सेवा मिळायला हवी, तिला दोन, आणि तेही उदार होऊन. डिस्चार्ज कार्डावर बहुतेक वेळा ‘सॉफ्ट डाएट, थिक लिक्विड्स’ एवढंच असतं. ‘थिक’ म्हणजे सुनेच्या हातचं वेगळं आणि रात्रपाळीच्या आयाबाईच्या हातचं वेगळं. ‘सॉफ्ट डाएट’मध्ये भात आणि वर पातळ वरण येतं, इडलीवर सांबार येतं, चहात बुडवलेला पाव येतो. मऊ घासातून सुटणारं पाणी आधी घशात जातं आणि घास मागून येतो; गिळण्याच्या त्रासात हेच सर्वांत अवघड.

गिळण्याची तपासणीही स्पीच थेरपिस्टच करतो, आणि त्याने पेशंटची बाजू घ्यायची जागा हे कार्ड आहे. तोंडी समजावलेलं लिफ्टपर्यंतही टिकत नाही. कार्डावर असं काहीतरी हवं: ‘सर्व पेयं पातळी २, सिरिंजने तपासून. एका वेळी ५ मिली, चमच्याने. पाठ सरळ, जेवणानंतर ३० मिनिटं बसूनच. वरण-भात एकजीव कालवून. गालात घास उरला का पाहणे. पुन्हा तपासणी अमुक तारखेला.’ त्याचीच मराठी-हिंदी प्रत पलंगाच्या डोक्याशी. पावडर कोण कालवणार त्याचं नाव, आणि त्या माणसाकडून एक पेला समोर करून घेणं, हे झाल्याशिवाय सही करू नये.

रेफरन्सचंही, म्हणजे वॉर्डातून स्पीच थेरपिस्टला बोलावण्याचंही, तसंच. ‘बोलायला शिकवणाऱ्या बाई’ पाण्याच्या पेल्याशी काय करतात, हा वॉर्डातला नेहमीचा प्रश्न. बोलायला लागतं तेच सामान गिळायलाही लागतं: ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र. हे व्याख्यानात सांगून उपयोग नाही. सिस्टरांच्या टेबलावर चार ओळींचा कागद जास्त चालतो: घोट घेतल्यावर आवाज घरघरला, लाळ गळते, घास गालात राहतो, किंवा श्वासाची नळी नुकतीच काढली आहे, तर पहिल्या घोटाआधी बोलवा. त्याखाली एक वाक्य ठळक: ठसका लागला नाही म्हणजे पाणी नीट गेलं असं नाही. काहींच्या श्वासनलिकेत ते खोकल्याशिवाय उतरतं, आणि ते कळायला व्हिडिओफ्लुरोस्कोपी (गिळतानाचा चालता एक्स-रे) किंवा दुर्बिणीची तपासणी लागते.

स्पीच थेरपिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते; सहीखाली तो नोंदणी क्रमांक लिहायची सवयही हवी. १९९२ च्या कायद्याने बिगरनोंदणी व्यवसायाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नातेवाइकांनी क्रमांक विचारला तर वाईट वाटून घेऊ नये. नोंदणी असलेल्याच्या तो फायद्याचाच आहे.

कार्डावर औषधांच्या रकान्यातही डोकवायला हवं. बद्धकोष्ठतेसाठी दिलं जाणारं मॅक्रोगॉल, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, स्टार्चच्या थिकनरमध्ये मिसळलं की सगळं पुन्हा पाण्यासारखं होतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२१ मध्ये याबद्दल सावध केलं आहे. अंथरुणावरच्या पेशंटला ही दोन्ही एकाच वेळी चालू असणं अगदी सहज घडतं. फिजिशियनला हे सांगायला संकोच करायचं कारण नाही.

आणि पेशंटला पावडर नको असेल तर? दाट पाण्याने तहान भागत नाही अशी तक्रार रास्त आहे. माणूस कमी पितो, लघवी पिवळी गडद होते, तोंड सुकतं. खूप दाट पेय घशात मागे चिकटूनही राहतं. पातळी ३ लिहून मोकळं होण्यापेक्षा पातळी १ वर लहान घोटाने भागतं का ते आधी पाहावं, आणि नकार आला तर तोही कार्डावर नोंदवून धोका समजावून सांगावा.

खरेदी करताना पहिला डबा सर्वांत लहान घ्यावा. पुढच्या तपासणीत पातळी बदलू शकते, आणि पावसाळ्यात झाकण सैल राहिलेल्या डब्यात तळाशी ढेकळं होतात. प्रवासाला पाऊच बरे, ग्रॅममागे महाग पडतात तरी.