पल्सर १५०मध्ये फुल सिंथेटिक २०डब्ल्यू-५०: इंदूरच्या तीन ऋतूंनंतर

दिवाळीनंतर गाडीत मिनरल, म्हणजे साध्या खनिज तेलाच्या इंजिन ऑइलऐवजी फुल सिंथेटिक घातलं. हिवाळा, उन्हाळा आणि निम्मा पावसाळा त्यावरच काढला. गाडी पल्सर १५०, बरीच पळालेली. रोज राजेंद्र नगर ते पीथमपूर, म्हणजे राऊच्या पुढे ट्रकांच्या मागे फर्स्ट-सेकंडमध्ये रखडत जायचं. रविवारी जमलं तर सिमरोलवरून भेरूघाट उतरून ओंकारेश्वर. आपल्याकडे ऑइलचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीचं?" माझ्या मते तो तिसरा प्रश्न आहे. आधी ग्रेड बघा, म्हणजे २०डब्ल्यू-५०सारखा दाटपणाचा आकडा, मग डब्यामागचं जासो (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक), मग कंपनी. मी घेतलं मोतुल ७१००, पण याच ग्रेडचं आणि याच दर्जाचं दुसरं चांगलं ऑइल असतं तरी बहुतेक हेच लिहिलं असतं.

ग्रेडवर दुकानातच वाद झाला. मॅन्युअल २०डब्ल्यू-५० सांगतं आणि काउंटरवरचा मुलगा १०डब्ल्यू-३० पुढे सरकवत होता. "भिया, पतला ऑइल डालो, एव्हरेज बढ़ेगा." डब्ल्यूच्या आधीचा आकडा फक्त थंडीतला. थंड इंजिन फिरवण्याची चाचणी १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांवर होते, २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांवर. जानेवारीत पहाटे पारा आठ-दहावर आला की आपण मफलर शोधतो, ऑइलला मात्र ती थंडीच नाही. आपल्याला काम पडतं मागच्या आकड्याशी. १०० अंश तापमानाला ५० ग्रेडचा दाटपणा १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक (दाटपणाचं माप) असतो, ३० ग्रेडचा ९.३ ते १२.५. म्हणजे मे महिन्यात, एअर-कूल्ड इंजिनात, ट्रकामागे रांगताना जवळजवळ निम्म्या दाटपणाचं ऑइल. स्प्लेंडरसारख्या गाड्या १०डब्ल्यू-३० धरूनच बनवल्यात, त्यांना ते बरोबर आहे. माझ्या गाडीला नाही.

जासोकडे तर कुणी बघतच नाही. बाइकमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात. क्लचच्या प्लेटांना पकड हवी, म्हणून डब्यावर एमए किंवा एमए२ पाहिजे. एमबी हे गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, तिथे क्लच कोरडा असतो. माझ्या भाच्याने कारचं उरलेलं ५डब्ल्यू-३० बाइकमध्ये ओतलं, "महाग आहे, चांगलंच असणार" म्हणून. घाटात फोर्थला थ्रॉटल पिळला की आरपीएम वर आणि गाडी तिथल्या तिथे. कारच्या अशा पातळ ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ती प्लेटांवर बसतात. प्लेटा वाचल्या, पण ऑइल लागोपाठ दोनदा बदलावं लागलं. स्वस्तात पडलं म्हणायचं.

आता खरा फरक कुठे पडला, तर गिअरमध्ये. मिनरलवर दोन हजार किलोमीटरच्या पुढे गेलं की राऊ सर्कलला न्यूट्रल सापडेना. फर्स्टवरून सेकंड, सेकंडवरून फर्स्ट, हिरवा दिवा काही लागत नाही, आणि मागचा टेम्पोवाला हॉर्नवरून हात काढत नाही. सेकंड पडतानाचा 'खट्ट' आवाज बुटातून जाणवायचा. कारण साधं आहे: ऑइल गरम असताना दाट राहावं म्हणून त्यात लांब साखळ्यांचं पॉलिमर घालतात आणि गिअरचे दात ते चिरत जातात. पन्नासचं ऑइल हळूहळू चाळीसकडे सरकतं. सिंथेटिकच्या मूळ तेलाला या पॉलिमरची गरज कमी. साडेतीन हजार उलटले तरी, आणि मेच्या दुपारीसुद्धा, न्यूट्रल पहिल्या झटक्यात लागत होता. माझे पैसे इथेच वसूल झाले.

बाकी दाव्यांचं विचाराल तर ॲव्हरेज जसंच्या तसं. पिकअप वाढला असं मित्र म्हणतो, मला नाही वाटला. "इंजिन थंड राहतं" म्हणणाऱ्यांनी एकदा बेचाळीस अंशांत पीथमपूरहून परत येऊन दाखवावं, पोटऱ्या पूर्वीइतक्याच भाजतात. जुन्या गाडीत सिंथेटिक घातलं की सील गळतात अशी भीती मेकॅनिकने घातली होती. डबल स्टँडवर लावून, पाच मिनिटं थांबून लेव्हलची काच नियमित बघत आलो. गळती नाही, लेव्हलही नीट.

पावसाळ्यात एक गोष्ट दिसली. आठवडाभर गाडी फक्त भाजीपाल्यापुरती फिरली आणि ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, कॉफीसारखा थर जमला. घाबरायचं कारण नाही. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापत नाही, आतली वाफ ऑइलमध्ये मिसळते. एक लांब फेरी मारली, गेलं. काचेतलं सगळंच ऑइल दुधाळ झालं तर मात्र तडक बदला. नुसतं काळं झालं तर उलट बरं, आतली घाण उचलतंय.

किंमत टोचते. मिनरलच्या दुप्पटीच्या वर जाते, आणि "सिंथेटिक आहे, दहा हजार चालवा" हा सल्ला मी मानत नाही. मॅन्युअलच्या अंतरापलीकडे नेणार नाही. रोजचं दहा-बारा किलोमीटर शहरातलंच चालवणं असेल तर त्याच ग्रेडचं सेमी-सिंथेटिक (मिनरल आणि सिंथेटिकचं मिश्रण) घ्या आणि उरलेल्या पैशांत दरवेळी ऑइल फिल्टर बदला. गॅरेजमध्ये तो निम्म्या वेळा बदललाच जात नाही, उभं राहून बघा. ड्रेन बोल्टचा वॉशरही नवा मागा. रिकाम्या डब्याला खिळ्याने भोक पाडून मगच भंगारात द्या, नाहीतर त्यातच दुसरं काहीतरी भरून परत बाजारात येतं. काढलेलं काळं ऑइल गॅरेजच्या ड्रममध्येच जाऊ द्या, नालीत नाही.