भूकंप रद्द होत नाही: आरमारी सिनॅरिओ-संच, सहा महिने वापरून

पेटी उघडली आणि आधी सोंगट्या मोजल्या. हिशेबतपासणीत जन्म गेलेल्या माणसाच्या हातात काहीही द्या, तो आधी मोजणारच. यादीत २४०, हातात २३९. एक अमेरिकन विनाशिका गायब. प्रकाशकांना कळवलं, त्यांनी नम्रपणे ‘पाठवतो’ म्हटलं. संचाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. करणारी मंडळी दोन-चारच दिसतात आणि दुसऱ्या आवृत्तीचं काम चालू आहे असं आतल्या चिठ्ठीत लिहिलंय. खटकलेलं सगळं त्यांना पत्राने कळवलंच आहे.

हा तयार खेळ नव्हे. दोन प्रतिस्पर्धी आरमारांमधलं, कधी न झालेलं युद्ध आपणच रचायचं, त्याची ही सामग्री. षटकोनी घरांचे दोन नकाशे, सोंगट्या, प्रत्येक जहाजाची नोंदपत्रं, दहा बाजूंचे फासे, एक मार्गदर्शिका आणि ‘बदलपत्र’ नावाचा एक कागद. पैसे वसूल झाले ते या कागदावर.

बदलपत्रात वर एकच ओळ: इतिहास कुठे वळला? दुसरी ओळ लिहायला जागाच ठेवलेली नाही. खाली तीन रकाने: यातून काय निघतं, खर्च कोण करतो, आणि काय बदलत नाही. पहिले दोन रकाने कुणीही भरेल. तिसऱ्याने माझी झोप उडवली.

माझा विषय ठरलेला होता: मोठ्या युद्धनौकांचं देशादेशांतलं प्रमाण ठरवणारा वॉशिंग्टनचा नाविक करार झालाच नाही, आणि १९२६च्या उन्हाळ्यात अमेरिका आणि जपान समोरासमोर. परिषद १२ नोव्हेंबर १९२१ला भरली. जपानला अमेरिकेच्या दहाला सात हवे होते, मिळाले सहा. अमेरिकन गुप्तलिपी-खातं टोकियोच्या तारा उलगडून वाचत होतं, त्यामुळे दाबून धरलं तर जपान सहावर येईल हे वाटाघाटी करणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं. मी ऐटीत ओळ लिहिली: ‘तारा वाचता आल्या नाहीत.’

भाच्याने कागद हातात घेतला. जपानकडून तो खेळणार होता. म्हणाला, “मामा, मग अमेरिका सातला कबूल झाली असती. करार तर झालाच ना! तुमचं युद्ध कुठाय?”

बरोबर होतं त्याचं. माझा बदल चटकदार होता, पण तो मला हव्या त्या बंदराला जातच नव्हता. शेवटी ओळ बदलली. जपानच्या शिष्टमंडळात दोन कातो होते. नौदलमंत्री कातो तोमोसाबुरो यांनी सहाचा आकडा पत्करला, तर नाविक तज्ज्ञ कातो कान्जी सातावर अडून होते. नवी ओळ: ‘टोकियोने कान्जींचं ऐकलं.’ आता परिषद खरंच मोडते, आणि दोन्हीकडच्या गोद्यांमध्ये हातोडे थांबत नाहीत.

मग जहाजांची यादी. अमेरिकेकडे साउथ डकोटा वर्गाच्या सहा युद्धनौका, प्रत्येकीवर १६ इंची बारा तोफा, वेग २३ नॉट. लेक्सिंग्टन वर्गाच्या सहा बॅटलक्रूझर, वेगवान पण पातळ चिलखताच्या. जपानकडे नागातो आणि मुत्सु, पाठोपाठ कागा आणि तोसा, आणि ३० नॉटच्या अमागी वर्गातली जी तयार होतील ती. मी अमागी बिनधास्त पटावर मांडली.

“भूकंप कुणाच्या सहीने रद्द झाला?” भाचा.

१ सप्टेंबर १९२३चा, टोकियो परिसरातला कांतोचा भूकंप. योकोसुकाच्या धक्क्यावर अमागीचा सांगाडा उभा होता, त्याची इतकी मोडतोड झाली की तो सोडूनच द्यावा लागला, आणि विमानवाहू करण्यासाठी तिच्या जागी कागा घेतली गेली. करार होवो न होवो, जमीन हलणारच. तिसरा रकाना यासाठीच आहे. मी बाजू मांडली: करार नसता तर १९२२च्या सुरुवातीला काम थांबलं नसतं. अमागीचं काम डिसेंबर १९२०मध्ये सुरू झालं होतं आणि १९२३ संपता संपता ती पुरी करायचा बेत होता, म्हणजे भूकंपाच्या दिवशी ती धक्क्यावर नव्हे, पाण्यात असती. तरंगत्या जहाजाला भूकंप तसा बाधत नाही. तो म्हणाला, जहाज वाचेल, पण गोदी? कारागीर? आणि उद्ध्वस्त राजधानी आधी उभारायची की बॅटलक्रूझर? दीड तास यावर गेला. पंच म्हणून निवाडा दिला: अमागी वाचली, पण वर्षभर उशिरा, आणि तिच्याच वर्गातल्या दोन बहिणींची कामं थांबली. या दीड तासाइतकी मजा मला नंतरच्या तोफमारीतही आली नाही, हे खरं सांगतो.

इथेच संचाची एक ढोबळ चूक सापडली. १९२६च्या ‘करार नाही’ या तयार यादीत लेक्सिंग्टन, साराटोगा, अकागी आणि कागा चौघीही विमानवाहू म्हणून छापल्या आहेत. अहो, त्या विमानवाहू झाल्या त्या करारामुळेच! मूळच्या युद्धनौका आणि बॅटलक्रूझर. करारानुसार मोडीत काढण्यापेक्षा विमानवाहू करण्याची मुभा मिळाली म्हणून त्यांचं रूपांतर झालं. करार पुसला की त्या तोफा घेऊनच समुद्रात उतरतात, आणि विमानांसाठी उरतात अमेरिकेची लँगली आणि जपानची होशो, दोन्ही लहान. एका ओळीतला बदल शेवटच्या पानापर्यंत नेत नाही तो लेखक आळशी, असं मी पत्रातही लिहिलंय. जरा कडक झालं.

मोठी तक्रार गुणांच्या तक्त्याबद्दल. प्रत्येक जहाजाला गुण, दोन्ही बाजूंना ५०० गुणांचं आरमार, म्हणे डाव समतोल. पहिल्या दोन बैठका आम्ही तशाच खेळलो. दोन रांगा समोरासमोर, सगळ्यांनी सगळ्यांना ठोकलं, सगळे बुडाले, चहा. एक तर गुण सरळ बेरजेने चालतात आणि तोफांची रांग तशी चालत नाही. लँचेस्टर यांचा वर्गाचा नियम घ्या, म्हणजे रांगेची ताकद जहाजांच्या संख्येच्या वर्गाइतकी: सारख्या दर्जाची दहा जहाजं विरुद्ध सात, तर ताकद १०० विरुद्ध ४९, म्हणजे सातवाल्याकडे जेमतेम निम्मी. सहा असतील तर ३६. जपानी अधिकारी एका आकड्यासाठी का हटून बसले होते ते या वजाबाकीत दिसतं, आणि संचाचा तक्ता नेमकं तेच झाकून टाकतो. दुसरं म्हणजे, बरोबरीचं आरमार समोर दिसल्यावर शहाणा अधिकारी लढेल कशाला?

तिसऱ्या बैठकीला तक्ता बाजूला ठेवला. आरमारं विषम ठेवली, कामं वेगळी दिली. अमेरिकेने मालवाहू जहाजांचा तांडा मनिलाला पोचवायचा (फिलिपिन्स तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात). जपानने बुडवलाच पाहिजे असं नाही, वीस दिवस अडवला तरी जिंकला. खेळ एकदम जिवंत झाला, आणि त्याचं श्रेय पिवळ्या सोंगट्यांना.

पिवळ्या म्हणजे तेल. मार्गदर्शिकेत त्या अगदी शेवटी ‘ऐच्छिक नियम’ म्हणून येतात. असा नियम पहिल्या पानावर हवा. पर्ल हार्बर ते मनिला सुमारे ४,८०० सागरी मैल, वाटेच्या दक्षिणेला मार्शल आणि कॅरोलाइन बेटं, आणि ती जपानच्या ताब्यात. अमेरिकेकडून खेळणारे माझे जुने सहकारी तोफांचे आकडे पाहून खुशीत होते. नवव्या दिवशी त्यांनी पिवळ्या सोंगट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि वेग १२ नॉटवर आणला. जखमी जहाज दुरुस्तीला न्यायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. फिलिपिन्समध्येच ओलोंगापोला तरंगती गोदी आहे, पण ४३,००० टनी युद्धनौका उचलणं तिच्या आवाक्याबाहेरचं. मग आठवलं, करारातल्या एका कलमाने पॅसिफिकमधल्या तळांची नवी तटबंदी गोठवली होती. करारच नाही तर आपल्या ग्वाम बेटावर तट बांधायला अमेरिकेचा हात कुणी धरला? जहाजं बदलली होती, तळ विसरलो होतो. बदलपत्रात तळांचा रकाना नाही. हवा होता.

कौतुक करायचं तर नोंदपत्रांचं. प्रत्येकावर वेगाचे दोन चौकोन: ‘ठाऊक’ आणि ‘खरा’. नागातोचा खरा वेग २६ नॉटच्या वर होता, जपानने बाहेर २३ सांगितला. भाच्याने सलग तीन पाळ्या तिला २३नेच चालवली, चेहरा कोरा ठेवून. सहकाऱ्यांनी त्या हिशेबाने रांग वळवली, पट्टी लावून, बारीक पेन्सिलीने. चौथ्या पाळीला नागातो एक घर जास्त गेली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. मी नोंदपत्र उलटं करून दाखवलं. बोलले काहीच नाहीत.

तोफांचा नियम मात्र सढळ आहे. दहा बाजूंचा एक फासा, दहा आला की फटका, म्हणजे दहातला एक गोळा लागतो. जटलंडच्या ब्रिटिश-जर्मन आरमारी लढाईत १९१६मध्ये दोन्हीकडचे मोठे गोळे शंभरात तीनच्या आसपास लागले. आम्ही दोन फासे टाकून शंभरावर खेळतो. डाव लांबतो, पण माणूस फटक्याची वाट बघत खुर्चीच्या टोकावर येतो. पंचांसाठी दिलेला अर्धा मजकूर कामाचा नाही. १९४२च्या मे महिन्यात जपानी आरमाराने मिडवे बेटावरच्या मोहिमेचा सराव पटावर केला, तेव्हा फाशांनी दिलेले जपानी जहाजांवरचे नऊ फटके पंच असलेल्या अ‍ॅडमिरल उगाकींनी तीनवर आणले आणि बुडालेली कागा पुढच्या डावाला परत हजर केली. पंचाने काय करू नये ते एवढ्यात कळतं. त्यासाठी सहा पानं कशाला?

नकाशाचा कागद घडीवर फाटायला लागलाय. सोंगट्या जाड आणि छान, पण दोन्ही बाजूंचे राखाडी रंग पिवळ्या दिव्याखाली सारखेच दिसतात. तयार लढाई हवी असेल त्याने ही पेटी घेऊ नये, कंटाळेल. ज्याला आधी भांडायला आवडतं आणि मग खेळायला, त्याने गुणांचा तक्ता फाडून टाकून खुशाल घ्यावी.

ती अमेरिकन विनाशिका अजून आलेली नाही. तिच्या जागी आम्ही शर्टाचं एक बटण ठेवतो. पाचव्या बैठकीत, धुराच्या पडद्याआडून, नागातोला टॉर्पेडो मारला तो त्या बटणानेच.