थायलंडच्या गे कपल टूरच्या नावाखाली आमचे दीड लाख गेले, बुक करण्याआधी हे वाचा

हे लिहायला मला तीन महिने लागले. सारखं वाटायचं कशाला परत ते उकरून काढायचं, पण गेल्या आठवड्यात एका मित्राने व्हॉट्सॲपवर एक पोस्टर पाठवलं आणि विचारलं ही टूर कशी वाटते रे, आणि ते पोस्टर बघून माझे हातपाय गार पडले. म्हणून लिहितोय. मोठं झालंय, पण पूर्ण वाचा, ज्यांच्या घरी माहीत नाही त्यांनी तर नक्कीच वाचा.

मी ३४ वर्षांचा, कोपरखैरण्याला आईबाबांसोबत राहतो, नोकरी ऐरोलीला आयटीत. माझा पार्टनर ठाण्यात कोपरीला राहतो. त्याच्या घरी काहीच माहीत नाही, त्याच्या आईसाठी मी म्हणजे ऑफिसातला मित्र, दिवाळीला माझ्यासाठी फराळाचा वेगळा डबा काढून ठेवतात त्या. सहा वर्षं झाली आम्हाला.

या सहा वर्षांत दोघांनी मिळून फिरणं म्हणजे अलिबाग, माथेरान आणि एकदा महाबळेश्वर. महाबळेश्वरचं सांगतो. ऑनलाइन डबल बेडची रूम घेतली होती, पैसे भरलेले, तरी काउंटरवरच्या माणसाने दोघांची आधार कार्डं हातात धरून तीनदा विचारलं, दोघंच का, फॅमिली नाही का, आणि मग पोऱ्याला हाक मारून सांगितलं की यांचे बेड वेगळे करून दे. तो पोऱ्या आमच्यासमोर बेड ओढत होता, मध्ये टीपॉय ठेवला, आणि आम्ही दोघं बॅगा हातात धरून बघत उभे. रात्री तो टीपॉय सरकवायचीही हिंमत झाली नाही, आवाज खाली जाईल म्हणून. दोन पुरुषांनी एका रूममध्ये राहायला कुठल्याच कायद्याने बंदी नाही, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने आपल्या संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपल्याला सोडवलं, हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं, पण काउंटरसमोर उभं राहिलं की तोंडातून शब्द फुटत नाही.

हे एवढं सांगायचं कारण, पुढे त्या टूरवाल्याने आम्हाला विकलं ते नेमकं हेच.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये डेटिंग ॲपवरच्या एका ओळखीच्या मुलाने व्हॉट्सॲप ग्रुपची लिंक दिली. ग्रुपमध्ये चाळीसेक जण, सगळे ठाणे, कल्याण, नवी मुंबईचे. पोस्टर असं, थायलंड, ६ रात्री ७ दिवस, बँकॉक आणि फुकेत, फक्त आपल्या लोकांसाठी, डबल बेड गॅरंटीड, कोणी काही विचारणार नाही. माणशी ६८,५०० रुपये. तारीख २० नोव्हेंबर २०२५. यापेक्षा स्वस्त पॅकेजेस होती बाजारात, मला दिसत होती, पण आम्ही जास्तीचे पैसे त्या शेवटच्या ओळीसाठी दिले.

आणि थायलंडच का, तर २३ जानेवारी २०२५ पासून तिथे समलिंगी जोडप्यांना कायदेशीर लग्न करता येतं, आग्नेय आशियातला तो पहिला देश. त्या दिवशी बँकॉकमध्ये रजिस्ट्रेशनसाठी जमलेल्या जोडप्यांचे फोटो आले होते, त्यात पांढऱ्या केसांची जोडपीपण होती, माझ्या पार्टनरने ते फोटो फोनमध्ये सेव्ह करून ठेवलेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला त्या संध्याकाळी आम्ही तलावपाळीला बसलो होतो, तो तासभर काही बोलला नव्हता. त्यामुळे थायलंड म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला मोडायचं नव्हतं. आम्हाला लग्न वगैरे करायचं नव्हतं तिथे. फक्त बँकॉकमधल्या सीलोमच्या रस्त्यावरून हात धरून चालायचं होतं.

टूरवाला आम्हाला सीवूड्स स्टेशनवरच्या मॉलमध्ये भेटला, फूड कोर्टमध्ये. तिशीच्या आतला, साताऱ्याकडची भाषा, मला पहिल्या पाच मिनिटांत दादा म्हणायला लागला. स्वतःच्या ब्रेकअपचं सांगितलं, आईने कसं घराबाहेर काढलं ते सांगितलं, सांगताना डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. ते खरं होतं की खोटं मला आजही कळलेलं नाही. पण आपला माणूस आहे असं एकदा वाटलं ना की आपण बाकीचं काहीच बघत नाही, एरवी मी गाडीचा इन्शुरन्स घेताना दहा ठिकाणी रेट विचारणारा माणूस आहे.

मग त्याने फॉर्म पाठवला. पासपोर्टची दोन्ही पानं, घरचा पत्ता, आणि इमर्जन्सी कॉन्टॅक्ट, तो घरच्यांचाच पाहिजे, मित्राचा चालणार नाही. शिवाय दोघांचा एक जवळचा फोटो, का तर हॉटेलवाले केक आणि रूम डेकोरेशन करणार, त्यावर फोटो लावणार. मी बाबांचा नंबर दिला. पार्टनरने आईचा दिला. फोटो आमच्या ॲनिव्हर्सरीचा दिला. हा परिच्छेद परत एकदा वाचा. कुठल्याही हॉटेलला केकसाठी तुमचा मिठी मारलेला फोटो लागत नाही.

पैसे हप्त्यांनी गेले. आधी तीस-तीस हजार ॲडव्हान्स, मग बाकी रक्कम २ नोव्हेंबरला, वर ५ टक्के टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच गोळा केला जाणारा इन्कम टॅक्स, म्हणून माणशी ३,४२५. क्यूआर स्कॅन केला की कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव यायचं, तो म्हणाला जीएसटीसाठी भावाच्या फर्मचं अकाउंट वापरतो दादा. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस खरंच लागतो, पण तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर दिसतो, आणि या माणसाने आमचा पॅन कधी मागितलाच नाही. पॅनशिवाय तो कोणाच्या नावावर टीसीएस भरणार होता? हे मला नंतर सुचलं. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर बिल्डिंग मटेरियलचं दुकान निघालं, हे पण नंतर. दोन मिनिटांचं काम आहे ते, फुकट आहे.

३ नोव्हेंबरला संध्याकाळी तिकिटांची पीडीएफ आली. खाली मेसेज, दादा लगेच चेक करा. मी एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकला, दोघांची नावं आली, फ्लाइट आली, मी स्क्रीनशॉट काढून पार्टनरला पाठवला आणि आम्ही दोघं इतके खूश झालो की त्याने त्याच रात्री दोन टी-शर्ट ऑर्डर केले. आता यातली गोम नीट समजून घ्या. एजंट लोकांना सीट पैसे न भरता थोडा वेळ होल्ड करता येते. होल्ड केलं की सहा अक्षरांचा पीएनआर तयार होतो, साइटवर नावंही दिसतात, पण तिकीट निघालेलं नसतं, आणि मुदतीत पैसे भरले नाहीत की बुकिंग आपोआप उडतं. खरं तिकीट निघालं की बहुतेक मोठ्या एअरलाइन्सचा १३ आकडी ई-तिकीट नंबर येतो. आमच्या पीडीएफवर तो नव्हताच. हॉटेलचंही तेच, फ्री कॅन्सलेशन आणि पैसे हॉटेलवर अशी बुकिंग करून त्याचं कन्फर्मेशन आम्हाला पाठवलं आणि नंतर रद्द केलं. मी बँकॉकच्या हॉटेलला मेल टाकला तेव्हा त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, बुकिंग होतं, ५ नोव्हेंबरला कॅन्सल झालं. हा मेल मी सप्टेंबरमध्येही टाकू शकलो असतो असं मनात येतं, पण तेव्हा बुकिंग नव्हतंच.

१० नोव्हेंबरला त्याने अजून माणशी ४,००० मागितले, व्हिसा हँडलिंग २,५०० आणि थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड १,५००. आम्ही दिले. भारतीय पासपोर्टला तेव्हा साठ दिवसांपर्यंत व्हिसा लागतच नव्हता. अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून आहे खरं, पण ते सरकारी साइटवर फुकट भरता येतं आणि पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांतच भरतात, दहा दिवस आधी नाही. एकूण आमच्या दोघांचे १,५१,८५० गेले.

आयटिनररी पण आता बघतो तर लाज वाटते की आम्ही ती नीट वाचलीसुद्धा नाही. त्यात लिहिलं होतं फुकेत रेल्वे स्टेशनवरून पिकअप. फुकेतला रेल्वेच जात नाही, ते बेट आहे. बँकॉक प्राइड परेड असं लिहिलं होतं नोव्हेंबरमध्ये, ती परेड जूनच्या आसपास असते. आणि त्याच ग्रुपवर हा माणूस मालदीवचं गे कपल हनिमून पॅकेज पण विकत होता, मालदीवमध्ये दोन पुरुषांचे संबंध हा आजही गुन्हा आहे, कोणी खरंच तिथे हात धरून गेलं असतं तर काय झालं असतं विचार करा. जो माणूस आपल्या लोकांना अशा ठिकाणी पाठवायला निघतो त्याला आपली पडलेली नाही, एवढ्यावरूनच ओळखायला हवं होतं.

१४ तारखेला मी सीट निवडायला गेलो तर पीएनआर सापडेना. त्याला फोन केला तर म्हणाला रिइश्यू होतंय दादा, सर्व्हरचा प्रॉब्लेम. संध्याकाळपर्यंत ग्रुप गायब. मी पोलिसांत जाईन असा मेसेज टाकला आणि रात्री साडेअकराला उत्तर आलं, दादा जास्त ताणू नका, काकांचा नंबर आहे माझ्याकडे, केकवाला फोटो पण आहे, दोघांचे मिळून ६,००० कॅन्सलेशन चार्ज भरा आणि विषय संपवा.

तो मेसेज वाचला तेव्हा बाबा हॉलमध्ये बातम्या बघत बसले होते, फोन त्यांच्या मांडीवर. मी रात्रभर त्यांच्या फोनच्या रिंगकडे कान लावून होतो.

असाच मेसेज पार्टनरलाही आला होता आणि त्याने मला न सांगता ६,००० पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला पंधरा हजारांची मागणी आली. तेव्हा त्याने मला फोन केला, ठाणे स्टेशनच्या ब्रिजवरून, त्याला बोलता येत नव्हतं. म्हणून सांगतो, एक रुपया देऊ नका, दिल्याने कोणी थांबत नाही.

मी ताईला सांगितलं. तिला माझ्याबद्दल माहीत होतं पण आम्ही त्यावर कधी बोललो नव्हतो. ती कामावरून थेट घरी आली, बाबांच्या फोनवर तो नंबर ब्लॉक केला, नवीन नंबरवरून आलं तर मी बघते म्हणाली, आणि मला म्हणाली आधी १९३० ला फोन लाव. तो सायबर फ्रॉडचा हेल्पलाइन नंबर आहे. जितक्या लवकर लावाल तितकं बरं, कारण पैसे पुढच्या अकाउंटला जायच्या आत बँकेला थांबवता येतात. यूपीआय ॲपमधला १२ आकडी ट्रान्झॅक्शन नंबर, तारीख, रक्कम हे हाताशी ठेवा, ते विचारतात. आमचे आधीचे सगळे पैसे कधीच निघून गेलेले होते. आदल्या दिवशीचे ते ६,००० तेवढे होल्ड झाले, ते अजून होल्डवरच आहेत.

पोलीस स्टेशनला जायच्या आधी मी बाहेर स्कूटरवर वीस मिनिटं बसून होतो. आत पहिल्या हवालदाराने विचारलं टूर कसली, मी सांगितलं, आणि तो शेजारच्याकडे बघून हसला. मला उठून जावंसं वाटलं. पण आतल्या मॅडमनी, पीएसआय होत्या, सगळे मेसेज स्वतः वाचले आणि फक्त एवढंच विचारलं की पैसे कोणत्या अकाउंटला गेले आणि धमकीचा मूळ चॅट आहे का डिलीट केला. डिलीट केला नव्हता म्हणून भारतीय न्याय संहितेचं ३१८, म्हणजे फसवणूक, याच्यासोबत ३०८, खंडणी, हे पण लागलं. पार्टनर आला नाही, त्याचं नाव मी दिलं नाही, माझ्या पेमेंटवर तक्रार झाली. असंही करता येतं हे कोणाला माहीत नसतं. हिंमत होत नसेल तर हमसफर ट्रस्टसारख्या, आपल्या लोकांसाठी काम करणाऱ्या संस्थेशी आधी बोला, ब्लॅकमेलच्या केसेस त्यांना नवीन नाहीत.

आम्ही अकरा जण होतो पैसे भरलेले. तिघांनीच तक्रार केली. एकाचं लग्न ठरलंय, तो म्हणाला माझा नंबर डिलीट कर. अंबरनाथचा एक तेवीस वर्षांचा मुलगा आहे, त्याने पर्सनल लोन काढलं होतं, घरी सांगितलंय की फोन चोरीला गेला आणि नवीन घेतला म्हणून ईएमआय चालू आहे. त्याच्या घरी अजून तेच माहीत आहे. त्या माणसाला नेमकं हेच हवं होतं, त्याने आम्हाला निवडलंच यासाठी की आम्ही ओरडणार नाही.

बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. पार्टनरच्या आईला कोणाचा फोन आला नाही, पण त्यांचा फोन वाजला की तो आजही दचकतो.

गेल्या आठवड्यात मित्राने जे पोस्टर पाठवलं ते व्हिएतनामचं आहे. नाव नवीन, नंबर नवीन, पण समुद्राकडे पाठ करून उभ्या दोन मुलांचा फोटो तोच, आणि खाली तेच, डबल बेड गॅरंटीड, कोणी काही विचारणार नाही. मित्राकडून फॉर्म मागवून बघितला. पॅनचा कॉलम नाही. इमर्जन्सी कॉन्टॅक्टचा आहे, कंसात लिहिलंय, फक्त आईवडील. पोस्टर आणि फॉर्म दोन्ही मी त्या मॅडमना पाठवलेत, ज्यांच्याकडे आलं असेल त्यांनी डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मला कळवा.