कटरच्या कार्बोरेटरचं रिपेअर किट: धूर थांबला, पण लिव्हर तपासून बसवा

पाचपैकी चार तारे. 58 सीसीच्या चेनसॉच्या कार्बोरेटरसाठी (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) किट मागवलं, घरपोच 240 रुपये. आमच्याकडे चेनसॉला सगळे कटरच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळात दापोलीतल्या आमच्या बागेतल्या निम्म्या पोफळी आणि दोन फणस आडवे झाले. भाड्याच्या कटरची वाट बघत पंधरा दिवस गेले, तेव्हा हा विकत घेतला. पाच वर्षं त्याने तक्रार केली नाही. यंदा पावसाळा सरल्यावर बाहेर काढला तर स्लोला गुरगुरून बंद पडायला लागला. रेस दिली की आधी अडखळायचा, मग निळसर धूर सोडत उचलायचा. प्लग काढला तर काळा आणि ओलाचिंब. गरम असताना एकदा बंद केला की ओव्हर होऊन (आत पेट्रोल जास्त साचून) बसायचा, पंधरा मिनिटं दोरी ओढून हात भरून यायचे.

एका मिस्त्रीने बघितल्या बघितल्या कार्बोरेटरचे दोन्ही स्क्रू (स्लोचं पेट्रोल ठरवणारा एल आणि फुल रेसचं ठरवणारा एच) आवळून दिले, म्हणजे पेट्रोल कमी केलं. धूर कमी झाला, पण फांदीत घातल्यावर आवाज चिरका यायला लागला. मी लगेच बंद केला. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, आणि तापलेला पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो. वाडीतल्या एकाचा कटर गेल्या वर्षी असाच गेला. धूर दिसला म्हणून टू-टी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल, कमी करणारेही आहेत. कृपा करून तसं करू नका. माझ्या मशीनच्या पुस्तकात लिटरला 40 मिली लिहिलंय, मी तेवढंच घालतो.

मग घरीच सुरुवातीपासून बघायला बसलो. एअर फिल्टर भुशाने बुजला होता, तो धुवून वाळवला. हवा अडली की पेट्रोलचं प्रमाण आपोआप वाढतं. चोक पूर्ण उघडत होता. तरी फरक नाही. शेवटी एल स्क्रू हळूच आत टेकेपर्यंत बंद केला. इंजिन बंद पडायला हवं होतं, पण ते चालूच! म्हणजे पेट्रोल स्क्रूवाटे येतच नव्हतं, दुसरीकडून गळत होतं.

कार्बोरेटर काढला, त्याच्या पेट्रोलच्या नळीला बाबांच्या जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि घड्याळ जोडलं. दोनशेपर्यंत दाब चढवला, की काटा झरझर खाली. कार्बोरेटर पेट्रोलच्या वाटीत बुडवला, तर आत पेट्रोलची वाट उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या सुईपाशी बुडबुडे. भिंगातून बघितलं तेव्हा सुईच्या टोकावर केसाएवढी गोल खाच पडलेली दिसली. लिव्हर दाबून ती सुई उघडणारा मीटरिंगचा पडदाही वाळल्या पानासारखा कडक झाला होता. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते टाकीत ठेवून पावसाळाभर कटर पडून होता, ही चूक माझीच.

किटमध्ये दोन्ही पडदे, गॅस्केट, सुई, लिव्हर, स्प्रिंग आणि जाळी आली. पडदे मऊ, कापणी साफ, भोकं बरोबर जुळली. नवी सुई बसवल्यावर बीपीचा काटा दोनशेवर ठाम राहिला. तो क्षण मला फार समाधानाचा वाटला.

एक तारा कापला तो लिव्हरमुळे. पाकिटातला लिव्हर जुन्यापेक्षा वर वाकलेला होता. मी तसाच बसवला आणि कटर पुन्हा ओव्हर! लिव्हर उंच असला की पडदा जरा हलला तरी सुई उघडते. जुना लिव्हर शेजारी ठेवून, वर स्टीलची पट्टी आडवी धरून, नवा तेवढाच खाली वाकवला. सोबत एक साधा कागदही नाही. नवख्या माणसाने काय करायचं?

बसवल्यावर दोन्ही स्क्रू हलकेच आत टेकवून एक-एक आटा सोडले. जोराने आवळू नका, टोक खराब होतं. पाच मिनिटं इंजिन गरम केलं. आधी एल: जिथे स्लो सर्वात जास्त चढला तिथून डावीकडे अर्धपाव आटा, म्हणजे रेस दाबताच उचलेल असा. मग टी स्क्रूने (स्लोचा वेग ठरवणारा) स्लो इतका उतरवला की चेन फिरायची थांबली. एच शेवटी, तोही कानाने. रिकाम्या फुल रेसला आवाज किंचित फडफडता हवा आणि लाकडात शिरताच तो साफ व्हायला हवा. रिकामा चिरका वाजला तर लगेच डावीकडे सोडा. फुल रेस दोन-तीन सेकंदच, आणि हँडब्रेक लावून तर मुळीच नाही, क्लच जळतो.

काल कलमाखाली पडलेली ऐनाची फांदी कापली. मांडीएवढी जाड, सात तुकडे. प्लग काढला तर चहाच्या रंगाचा, कोरडा. गड्याने स्वतःहून विचारलं, "दादा, नवीन घेतला काय?"

विक्रेत्याने लिव्हरची उंची पाकिटावर छापली, तर पाचवा तारा मी स्वतः येऊन वाढवीन.