औषधाचं नाव नीट ऐकू येत नाही तेव्हा: कान, डोस, निदान की रिकामी जागा?

मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं काम म्हणजे डॉक्टरांनी बोलून रेकॉर्ड केलेला रिपोर्ट (डिक्टेशन) ऐकून टाईप करणं. कधी डिक्टेशनमधलं सगळं वाक्य स्वच्छ ऐकू येतं आणि नेमकं औषधाचं नाव डॉक्टर तोंडातल्या तोंडात म्हणून जातात. अशा वेळी हाताशी वाटा बऱ्याच असतात, पण सगळ्यांवर सारखा भरवसा ठेवता येत नाही.

पुन्हा ऐकणं ही सगळ्यांची पहिली वाट. वेग थोडा कमी करावा. फार कमी केला तर व्यंजनं पसरट होतात आणि गोंधळ वाढतो. तीच जागा दहादा ऐकण्यापेक्षा रिपोर्ट शेवटपर्यंत ऐकावा, असं मी नव्या मुलांना सांगते. पूर्वेतिहासात घाईनं उरकलेलं नाव डिस्चार्जच्या औषधांत पुष्कळदा सावकाश येतं. तरीही कान फक्त उमेदवार पुढे करतो, निवड करत नाही. अमेरिकेत ओमेप्राझोल आधी 'लोसेक' नावानं विकलं जायचं. 'लेसिक्स'शी घोटाळा होऊ लागला, म्हणून 1990 मध्ये त्याचं 'प्रिलोसेक' केलं. 2016 मध्ये 'ब्रिंटेलिक्स'चं 'ट्रिंटेलिक्स' झालं, कारण ते 'ब्रिलिंटा'सारखं वाटायचं. ही नावं औषधांची रोज उठबस असणाऱ्यांनाही चकवत होती. हेडफोनमधून ऐकणाऱ्याला ती चकवणारच.

कानापेक्षा डोस कितीतरी पक्का. सेलेब्रेक्स की सेलेक्सा, असा प्रश्न पडला आणि पुढे '20 मिलिग्रॅम रोज' आलं, तर कौल सेलेक्साकडे जातो; सेलेब्रेक्स सहसा 100 किंवा 200 मध्ये दिलं जातं. लॅमिसिलची गोळी 250 ची, लॅमिक्टलच्या नेहमीच्या गोळ्या 25, 100, 150, 200 च्या. पण जिथे सर्वांत जास्त गरज असते तिथेच डोस दगा देतो. हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रॅलाझिन दोन्ही 10, 25, 50 मध्ये येतात. ट्रॅमाडॉल 50, ट्रॅझोडोनही 50. मेटफॉर्मिन 500, मेट्रोनिडाझोलही 500. त्यात 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' कानाला जवळजवळ सारखेच, म्हणजे आकडासुद्धा तपासूनच धरायचा.

इथे निदान कामाला येतं. अंगाला खाज सुटली असेल तर हायड्रॉक्सिझिन, रक्तदाब वाढला असेल तर हायड्रॅलाझिन. वेदना असतील तर ट्रॅमाडॉल, नैराश्य किंवा झोपेची तक्रार असेल तर ट्रॅझोडोन. अडचण येते ती एकाच रुग्णाला अनेक आजार असतात तेव्हा: मधुमेहही आहे आणि जंतुसंसर्गही, मग ते 500 कशाचं? म्हणून माझा नियम असा: आवाज, डोस आणि निदान तिन्ही एकाच नावावर येऊन थांबले तरच ते नाव टाईप करायचं. दोनच जुळत असतील तर अजून शोधायचं.

शेपटावरून गट ओळखण्याची सवय चांगली आहे. 'ओलोल', 'प्रिल', 'सार्टन' ऐकलं की शोध एकदम आवळतो. मात्र शेपूट फसवतंही: 'स्टॅटिन' म्हटलं की कोलेस्टेरॉलचं औषध आठवतं, पण निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध आहे. आणि शेपूट 'प्राझोल'च असूनही, पॅन्टोप्राझोल आम्लपित्तावरचं असलं तरी अ‍ॅरिपिप्राझोल मानसोपचारातलं आहे.

शोधायचं कुठे? औषधकोशात. सर्च इंजिन अर्धवट स्पेलिंग दिलं की जास्त लोक शोधतात ते नाव पुढे करतं, आणि ते पाहिलं की कानालाही तेच ऐकू यायला लागतं. कोशात शोधतानाही पहिल्या अक्षरावर अडू नका: 'झ' ऐकू आला तर झेडखाली पाहा, तसंच एक्सखालीही, 'स' असेल तर एसबरोबर सीखालीही.

त्याच रुग्णाचे जुने रिपोर्ट मिळत असतील तर ती फार मोठी मदत, कदाचित सगळ्यांत मोठी. पण मधल्या काळात औषध बदललेलं असू शकतं, किंवा कुणाची जुनी चूक तशीच पुढे चालत आलेली असते.

आणि काहीच जुळलं नाही तर रिकामी जागा. ब्लँक सोडणं कमीपणाचं आहे असं नवख्यांना वाटतं, म्हणून ते 'बहुधा हेच' टाईप करून मोकळे होतात. त्या अंदाजावरून कुणाच्या तरी हातात गोळी पडणार असते. ब्लँक सोडताना टाइमस्टॅम्प द्या, कानाला जे वाटलं ते लिहा आणि डोस जोडा: '02:14, हायड्रॉ/हायड्रॅ असं काहीसं, 25 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, निदानात खाज आणि उच्च रक्तदाब दोन्ही'. एवढं लिहिलेलं असलं की डॉक्टरांना पूर्ण डिक्टेशन पुन्हा ऐकावं लागत नाही.