गेमच्या फुकट 'कीज' मागणाऱ्या मेलपासून सावध राहा

स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात पहिला गेम आणणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं, त्यातही सोलापूरसारख्या गावातून काम करणाऱ्यांनी. इथे या धंद्यातलं विचारायला जवळपास कुणी नसतं.

मी आणि माझा मित्र मिळून गेम बनवतो. मित्र इथल्याच अशोक चौकाकडचा, वडिलांचे यंत्रमाग. जकार्डच्या पत्त्यांना भोकं पाडून चादरीवर नक्षी उठवायची, असा आमचा कोड्यांचा गेम. यावरच पोट भरायचं ठरवलेलं, त्यामुळे एकेक विक्री मोलाची. स्टीम सुरुवातीला १०० डॉलर घेतं आणि विक्रीतले साधारण ३० टक्के कापतं.

गेम आला आणि मेलची रांग लागली. "मी यूट्यूबर आहे, तुमच्या गेमवर व्हिडिओ करतो. एक की मला, दोन प्रेक्षकांना बक्षीस म्हणून." की म्हणजे एक कोड, तो स्टीमवर टाकला की गेम पैसे न देता मिळतो. चॅनेल खरं, लाखो सबस्क्रायबर, लिंकही खरी. पण मेलचा पत्ता त्या चॅनेलवाल्याचा नव्हता. नावात एक 'आय' जास्तीचा, डोळ्यांत तेल घालून पाहिलं तरच दिसेल असा. स्टीमवर गेमची शिफारस करणारे 'क्युरेटर' म्हणवणारेही त्याच जातीचे.

आम्ही कीज देऊन बसलो, पण व्हिडिओ एकही आला नाही. पुढे आमचा गेम कीज विकणाऱ्या एका साइटवर निम्म्याहून कमी भावात दिसला. तिथल्या विक्रीचा छदामही आम्हाला मिळत नाही. दिलेल्या कीज वापरल्या गेल्या का, हे स्टीमवर्क्समध्ये, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीच्या स्टीमच्या साइटवर तपासता येतं, रद्दही करता येतात. आम्ही त्या रद्द केल्या. मग ज्यांनी पैसे मोजून घेतल्या होत्या त्यांच्या लायब्ररीतून गेम गेला आणि शिव्या आम्हाला पडल्या. त्यांच्यावर माझा राग नाही, तेही लुबाडलेच गेले. चोर मात्र नामानिराळा.

म्हणून सांगतो, यूट्यूबरच्या चॅनेलवर त्याचा धंद्याचा मेल दिलेला असतो. आलेल्या मेलला उत्तर देऊ नका, चॅनेलवरच्या त्या पत्त्यावर वेगळा मेल टाकून विचारा. क्युरेटरला की द्यायचीच नाही. स्टीमच्याच 'क्युरेटर कनेक्ट' या सोयीतून गेम थेट त्याच्याकडे पाठवता येतो, मग विकायला हातात काही उरत नाही. यूट्यूबरलाही खेळून बघायला एक की पुरते, जास्त मागणाऱ्याचा हेतू तिथेच कळतो.

'पब्लिशर' म्हणवून आधी प्रसिद्धीचे पैसे मागणारेही येतात. त्यांना पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा.