लांबच्या प्रवासाआधी बॉनेट-बंपर वाचवायचं कसं: पीपीएफ, सिरॅमिक, टेप की काहीच नको?

नवी गाडी आली आणि कोल्हापूरहून बेंगळुरू, हंपी किंवा थेट राजस्थानचा बेत ठरला, की मित्रमंडळींचे सल्ले सुरू होतात. एक म्हणतो पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) मारून घे, दुसरा म्हणतो सिरॅमिक (रंगावर चोळून बसवायचा द्रवाचा पातळ थर) कर, तिसरा पुढे स्टीलचा गार्ड बसवायला सांगतो. तिसऱ्याचा विषय आधी संपवू. क्रॅश गार्ड आणि बुल बारवर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे. शिवाय पाइपांच्या मधून खडी यायची ती येतेच. बाकीच्या पर्यायांचं मात्र नीट बघायला हवं, कारण त्यांच्या किमतीत शेकड्यांपासून लाखापर्यंतचा फरक आहे.

गाडीच्या तोंडावर दोन प्रकारचा मारा होतो. पहिला खडीचा. सातारा-कागल टप्प्यात सहापदरीकरण सुरू झाल्यापासून पुण्याकडे जाताना वळवलेली वाहतूक, सेवारस्ते आणि डंपरमधून सांडलेली खडी हे सगळं आपल्या परिचयाचं आहे. हंगामात त्यात उसाच्या ट्रॉल्यांच्या चाकांनी रानातून आणलेली माती आणि दगड मिसळतात. दुसरा मारा किड्यांचा. संध्याकाळी उसाच्या पट्ट्यातून किंवा वारणेच्या, पंचगंगेच्या पुलावरून गेलात की बंपर आणि नंबरप्लेट किड्यांनी भरून जातात. खडी रंगाचा टवका उडवते. किडा टवका उडवत नाही, पण उन्हात वाळला की त्याच्यातला आम्लाचा अंश क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, डाग पाडतो. कुठली वस्तू यातल्या कुठल्या माऱ्याला उपयोगी, एवढं कळलं की दुकानदाराचं निम्मं भाषण ऐकायची गरज उरत नाही.

आता जाडी बघा. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो. सिरॅमिक कोटिंगचा थर एक-दोन मायक्रॉनचा, फार तर थोडा जास्त. पीपीएफ, म्हणजे टीपीयू या लवचिक प्लास्टिकची पारदर्शक फिल्म, साधारण १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे मूळ रंगाच्या सगळ्या थरांहून जाड. बसणारा मार ती स्वतः दबून झेलते. ८०-१०० च्या वेगात येणारी खडी एक-दोन मायक्रॉनने अडेल, असं कोणी सांगत असेल तर हसून चहा प्या आणि निघा.

सिरॅमिकवाले ‘९एच’ कडकपणा सांगतात. हे ९एच पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाच्या मोजपट्टीवरचं आहे. ठरावीक कडकपणाच्या पेन्सिलीने पृष्ठभागावर ओरखडा उठतो का, ते त्या चाचणीत बघतात. दगड आदळल्यावर काय होईल, याच्याशी तिचा संबंध नाही. तरीही सिरॅमिक निरुपयोगी म्हणणार नाही. किड्यांच्या बाबतीत ते कामाचं आहे. पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, वाळलेली घाण भिजवली की लवकर सुटते आणि चिखल कमी धरतो. घराजवळ धूळ, पक्ष्यांची विष्ठा यांचा रोजचा त्रास असेल आणि गाडी धुवायचा कंटाळा असेल, तर दहा-वीस हजार त्यात घालायला हरकत नाही. फक्त ते खडीसाठी घालू नका. किड्यांपुरतंच बघायचं असेल तर निघण्याआधी चांगलं मेण किंवा सीलंट चोळलं तरी एका प्रवासापुरतं तेच काम बऱ्यापैकी होतं, तेही काही शेकड्यांत.

पीपीएफचा प्रश्न पैशाचा. पूर्ण गाडीला चांगली फिल्म लावायची तर आकडा सहज लाखाजवळ जातो. माझ्या मते लांब प्रवासासाठी पूर्ण गाडी मढवणं हा निव्वळ नाद आहे. मार बसतो तो बंपर, बॉनेटची पुढची कड, आरशांच्या पाठी आणि पुढच्या चाकांमागची, दाराखालच्या उंबऱ्याची पट्टी एवढ्यावर. त्यातही एक फरक दुकानात सहसा कोणी सांगत नाही. बहुतेक गाड्यांचा बंपर प्लास्टिकचा असतो. त्याचा टवका उडाला तर वाईट दिसतो, पण गंजत नाही, आणि पुढेमागे बंपर पुन्हा रंगवणं साधारण चार-पाच हजारांचं काम आहे. बॉनेट बहुधा पत्र्याचं असतं. तिथे प्रायमर फोडून पत्र्यापर्यंत खड्डा पडला आणि गाडी पावसाळ्यात आंबा घाटातून, करूळ घाटातून फिरत राहिली, की गंज धरतो. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर पहिली फिल्म बॉनेटला.

बॉनेटलाही अर्धी पट्टी लावायची की पूर्ण? अर्धी स्वस्त पडते, पण तिच्या कडेला धूळ साचून रेघ दिसते आणि पांढऱ्या गाडीवर ती फारच डोळ्यांत भरते. कडा आत वळवून पूर्ण बॉनेट मढवलेलं दिसायला नीट आणि कड सुटण्याची भीती कमी. दुकानात दोन गोष्टी विचारा. फिल्म टीपीयूची आहे की पीव्हीसीची? स्वस्तातली पीव्हीसी उन्हात लवकर पिवळी पडते. आणि फिल्म मशीनवर आधी कापून आणता की गाडीवर ठेवून ब्लेडने कापता? गाडीवर ब्लेड चालणार असेल तर हात फार सराईत हवा, नाहीतर वाचवायच्या रंगावरच ओरखडे.

वेळेचंही गणित आहे. फिल्म पाण्यावर सरकवत बसवतात आणि खाली राहिलेले पाण्याचे फुगे सुकायला काही दिवस लागतात. शुक्रवारी रात्री निघायचं आणि गुरुवारी फिल्म, असं करू नका. निदान आठवडाभर आधी काम उरका. बॉनेट नुकतंच डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून रंगवून आणलं असेल तर आणखी थांबा. ताज्या रंगातलं सॉल्व्हंट पूर्ण उडायला काही आठवडे लागतात आणि तो रंग घट्ट बसलेला नसेल तर फिल्म काढताना रंगही सोबत येऊ शकतो.

एकाच प्रवासापुरती सोय हवी असेल तर रंगाऱ्यांची निळी मास्किंग टेप आहे. दोन-तीनशे रुपयांत बॉनेटची कड आणि बंपरचा वरचा भाग झाकून होतो. बारीक खडीला ती पुरते, मोठ्या दगडाला नाही. दिसायला गाडी वर्कशॉपमधून पळून आल्यासारखी दिसते, ते सोसायची तयारी हवी. उन्हात गोंद वाळत जातो, म्हणून मुक्काम गाठला की किंवा दोन-तीन दिवसांत काढून टाका. पार्किंग सेन्सर, रडार, दिवे आणि नंबरप्लेट यांवर टेप चिकटवू नका. खोक्यांना लावायची तपकिरी टेप तर चुकूनही नको. तिचा गोंद काढता काढता रंग घासला जातो. बॉनेटवर ताणून बसवायचं रेक्झिनचं कव्हरही मिळतं. मी ते कोणालाच सुचवणार नाही. वाऱ्याने ते फडफडतं, आत धूळ जाते आणि तीच धूळ शेकडो किलोमीटर रंगावर घासत राहते. पाऊस लागला तर ओल आतच अडकते.

फुकटातला उपाय वेगाचा. समोरच्या ट्रकच्या चाकातून उडालेली खडी बऱ्याचदा फार वेगात नसते, तिच्यावर जाऊन आदळतो तो आपण. ८० ऐवजी १०० ने गेलात तर त्या आदळण्यातली ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. कामं चालू असलेल्या टप्प्यात डंपरमागे चिकटून जाणारा पन्नास हजारांची फिल्म लावूनही काच फोडून घेतो, आणि काचेला पीपीएफ वाचवायला येत नाही.

मग घ्यायचं काय? गाडी सात-आठ वर्षं ठेवणार असाल आणि महिन्यातून एक-दोनदा पुणे किंवा बेळगाव होत असेल, तर पूर्ण बॉनेट, आरसे आणि जमलं तर बंपरला टीपीयू फिल्म. तीन-चार वर्षांत गाडी बदलायची सवय असेल तर मेण, मडफ्लॅप आणि जमेल तेवढं अंतर. गाडी आधीच टवके उडालेली असेल तर फिल्मला हात लावू नका, ते पैसे तसेच ठेवून प्रवासानंतर एकदाच बंपर रंगवा. तो रंग विम्यात बसवायच्या भानगडीतही शक्यतो पडू नका. एका क्लेममुळे पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, जातो, आणि हा बोनस पहिल्या वर्षी २० टक्के असला तरी सलग पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो.

काहीही निवडलंत तरी डिकीत पाण्याची बाटली आणि दोन मऊ कापडं असू द्या. मुक्कामी पोचल्यावर ओलं कापड किड्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवा, मग अलगद पुसा. कोरडं घासायचं नाही. परत आल्यावर गाडी धुऊन बॉनेट उन्हात तिरकं बघा. पत्रा दिसणारा टवका असेल तर टच-अप पेन आणा. रंगाचा कोड बऱ्याच गाड्यांत दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली पट्टीवर असतो. तो फोटो काढून दुकानात दाखवा, कारण पांढऱ्यातसुद्धा डझनभर पांढरे असतात.